फायबरची खाज

2019 च्या पुरात कृष्णामाई आमच्या जिन्याच्या तिसऱ्या पायरीपर्यंत आली आणि जाताना बाबांच्या स्कूटरच्या डाव्या पॅनेलचा निम्मा पत्रा खाऊन गेली. मिस्त्री म्हणाला, "ठोकून, पुटी मारून देतो की!" पण मला खाज होती. पॅनेल फायबरचं, तेही घरीच करायचं. अमेरिकेत 1953 साली शेव्हर्ले कॉर्व्हेट फायबरच्या बॉडीत निघाली, पहिल्या वर्षी 300 गाड्या हातानं बांधल्या. मला तर एकच पॅनेल हवं होतं.

दुकानदारानं बजावलं, "रेझिनचा चिकट रस सुकवायला किलोला 10-15 मिली हार्डनर, वर थेंब नको. साच्याला वॅक्सचे चार-पाच हात." मी मान डोलावली. ते मला छान जमतं.

जुन्या पॅनेलची भोकं बुजवून त्यावरून साचा काढला. पत्र्यावरचे पोचेही त्यात इमानानं उतरले. मग जेलकोट, म्हणजे बाहेरून दिसणारा गुळगुळीत थर, त्यावर काचेच्या मॅटचे तुकडे आणि ब्रशनं रेझिन. वासानं गल्लीतली मांजरं गायब झाली. थंडीत रेझिन सुकणार नाही या भीतीनं मी हार्डनर फोडणीतल्या हळदीसारखा अंदाजानं ओतला. हळदीच्या गावात वाढल्याचा दोष, दुसरं काय! पाच मिनिटांत मगातून धूर. रेझिन दगड झालं आणि मगाचा तळ फरशीला चिकटला.

"काय शिजवायलाईस रे?" आतून आई.

रात्री हातभर खाज. काचेचे तंतू कातडीत रुतले होते. मी कढत पाण्यानं अंघोळ केली, खाज दुप्पट झाली. (गार पाण्यानं धुवायचं असतं, हे नंतर कळलं.) आईनं निदान केलं, "पित्त उठलंय," आणि अंगभर आमसुलाचं पाणी चोळलं. काचेवर आमसूल चालत नाही.

सकाळी साच्यातून पॅनेल काढायला गेलो, तर ते निघेना. वॅक्सचा एकच हात दिला होता मी. पाचर ठोकली, फटीत पाणी सोडलं, लाकडी हातोडा झाला. शेजारचे काका चहाचा कप घेऊन बघत होते. म्हणाले, "लग्नच लावलंस की दोघांचं."

शेवटी मिस्त्रीनं जुनाच पत्रा तासाभरात ठोकून दिला. साचा-पॅनेलच्या जोडप्यात आईनं माती भरून कोथिंबीर पेरलीय.

"पूर आला तर तरंगंल," म्हणते.