सागवानी मेणबत्ती स्टँडच्या तक्रारीस आमचे उत्तर

सप्रेम नमस्कार.

दिवाळीची भेट म्हणून आमच्याकडून नेलेल्या सागवानी मेणबत्ती स्टँडच्या जोडीला आपण दोन तारे दिले आहेत. दोन्ही नगांचा रंग जुळत नाही, एकावर खिळ्याचे भोक व त्याभोवती काळा डाग आहे, पहिल्याच संध्याकाळी एकाची कड करपली आणि भंगारातल्या लाकडाचे साडेसातशे रुपये म्हणजे लूट आहे, असे आपले म्हणणे आहे.

हे लाकूड पुण्याच्या पेठांमधले जुने वाडे उतरवताना निघणाऱ्या तुळयांचे आणि कडीपाटाच्या फळ्यांचे असते. सागाचा गाभा तपकिरी, तर सालीलगतचा भाग फिकट असतो, त्यामुळे एकाच तुळईतून कापलेले दोन तुकडेही रंगाने तंतोतंत जुळतीलच असे नाही. वरून रंग चढवून ते सारखे करता येतात, पण आम्ही जवसाचे तेल आणि मधमाशीचे मेण यांपलीकडे काही लावत नाही. काळ्या डागाचे म्हणाल तर, लोखंडी खिळा वर्षानुवर्षे लाकडात राहिला की दमट हवेत लोखंडाचा लाकडातील टॅनिनशी संयोग होऊन तो पडतो, आणि इतका खोल मुरलेला असतो की रंधा मारूनही निघत नाही. अशी भोके व डाग राहतील हे नगाच्या माहितीत पहिल्याच ओळीत लिहिलेले आहे, त्यामुळे या दोन कारणांसाठी पैसे परत करता येणार नाहीत.

किमतीबाबत थोडे सविस्तर लिहितो. लाकूड आम्हाला स्वस्त पडते, हे खरे आहे. पण त्यातला प्रत्येक खिळा शोधून उपटावा लागतो, डोके तुटून आत राहिलेला एखादा खिळा नजरेतून सुटला तर रंध्याचे पाते खांडते, आणि सागात मुळातच सिलिका, म्हणजे वाळूतला कठीण घटक, असल्याने धार एरवीही लवकर जाते. तेलरंग दिलेल्या चौकटी तर आम्ही घेतच नाही, कारण जुन्या रंगात शिसे असू शकते आणि तो खरवडताना उडणारी धूळ आमच्या कारागिरांच्याच नाकातोंडात जाणार. नव्या फळीचे स्टँड करायला याहून कमी मजुरी लागते.

करपण्याची तक्रार मात्र वेगळी आणि गंभीर आहे. आपण जोडलेल्या छायाचित्रात खळग्यातली पितळी वाटी दिसत नाही आणि मेणबत्ती थेट लाकडावर ठेवलेली आहे. खळगा 40 मिलिमीटरचा असून त्यात वाटी आणि वाटीत 38 मिलिमीटरची टीलाइट, म्हणजे बुटकी चपटी मेणबत्ती, बसते. टीलाइट संपत आली की सगळे मेण पातळ झालेले असते, वात तळाशी टेकते आणि तळ चांगलाच तापतो. वाटी नसेल तर ते मेण लाकडात मुरून कड पेट घेऊ शकते. म्हणून वाटीशिवाय, तसेच कोणी जवळ नसताना, हे स्टँड कृपया पेटवू नये.

वाटी खोक्यातल्या भुशात राहिली आहे का, ते एकदा पाहावे. न सापडल्यास दुकानातून दुसरी विनामूल्य मिळेल, आणि करपलेला नग सोबत आणल्यास खळग्याची कड काचकागदाने घासून, तेल लावून त्याच दिवशी परत देऊ. दुकान सोमवारी बंद असते.