वारा आणतो, पण कुणाला? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार. तुम्ही लिहिलंय की पावसाळ्यात कोकण किनाऱ्यावर मास्क्ड बूबी किंवा स्टॉर्म पेट्रेल हे खोल समुद्रावरचे पक्षी सापडतात ते निव्वळ वाऱ्यामुळे, आणि माझ्या लेखात समुद्रतळाचा भूगोल उगाच घुसडलाय. वाऱ्याला दोनच ओळी मिळाल्या, ही उणीव मान्य. पण वारा फक्त ढकलतो. ढकलायला समोर कोण आहे, हे त्याच्या हातात नाही.

जून ते सप्टेंबर नैऋत्येचा वारा चेन्नईलाही असतोच. तिथे तो जमिनीवरून समुद्राकडे जातो. कोकणात समुद्रावरून थेट अंगावर येतो. किनाऱ्याचं तोंड कुठे, इथूनच भूगोल सुरू झाला. याच वाऱ्याने सोमालिया-ओमानजवळ खोलातलं थंड, पोषक पाणी वर येतं, म्हणजे पक्ष्यांना खाणं. अंटार्क्टिकाकडे वीण उरकून आलेले विल्सन्स स्टॉर्म पेट्रेल तेव्हा अरबी समुद्रात असतात, आणि मास्क्ड बूबींच्या वसाहती ओमानच्या हलानियात बेटांवर आहेत. म्हणजे आपण बरोबर वाऱ्याच्या खालच्या अंगाला: तो तिकडून आपल्याकडे येतो.

आता समुद्रबूड जमीन, म्हणजे किनाऱ्यापासून पाण्याखाली पसरलेला जमिनीचा उथळ भाग. मुंबईसमोर ही उथळ पट्टी सुमारे ३०० किलोमीटर रुंद आहे, दक्षिणेकडे अरुंद होत जाते. खोल पाण्यावरचे पक्षी एरवी या पट्टीच्या बाहेरच्या कडेच्या आसपास असतात, म्हणून मुंबईच्या किनाऱ्यावरून शांत हवेत ते दिसत नाहीत. दिसतात ते बहुधा थकलेले, उपाशी. त्यात जून-जुलै मासेमारी बंद. बोटीच नसल्याने आतल्या समुद्रातल्या नोंदी तुटपुंज्या राहतात आणि सगळं वादळानेच आणलं असं वाटतं.

वेंगुर्ल्याला दिसलेला ब्रायडल्ड टर्न हा समुद्रपक्षीही 'भरकटलेला' समजू नका. समोरच्या वेंगुर्ला रॉक्स या खडकाळ बेटांवर त्यांची वीण होते. तो घरचाच.

तुमची एक सूचना मात्र कृपया मागे घ्या: सापडलेला पक्षी लगेच लाटांत सोडावा, ही. पिसं भिजलेला, दमलेला पक्षी बुडतो. भोकं पाडलेल्या खोक्यात कोरडं फडकं अंथरून अंधारात ठेवा, तोंडात पाणी ओतू नका (ते श्वासनलिकेत जातं), आणि वनविभागाला १९२६ वर फोन करा. बूबी असेल तर चोचीपासून डोळे सांभाळा, पण चोच बांधू नका. तिच्यावर बाहेरून नाकपुड्या नसतात. पक्षी जबड्याच्या कोपऱ्यांतून श्वास घेतो, आणि चिकटपट्टी लावली की गुदमरतो.