खेळण्याच्या वेषातलं पिस्तूल आणि ‘रंगाने कोणी मरत नाही’ हा युक्तिवाद

2021 च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या कल्पर प्रिसिजन या कंपनीने ‘ब्लॉक 19’ नावाचं पिस्तूल बाजारात आणलं. आत ग्लॉक या कंपनीचं खरंखुरं पिस्तूल, बाहेरून लाल, पिवळे, निळे लेगोसारखे ठोकळे. किंमत 549 ते 765 डॉलर. ठोकळ्यांची खेळणी बनवणाऱ्या लेगो कंपनीने कायदेशीर नोटीस पाठवली आणि विक्री बंद झाली. अशा बंदुकांच्या बचावाचा युक्तिवाद मात्र बंद झाला नाही. अशा बंदुकीचं एखादं छायाचित्र पुन्हा फिरू लागलं की त्याच्या मागोमाग तोही येतो, साधारण असा: “जीव गोळी घेते, रंग नाही. मुलांना नीट शिकवा, बंदूक कुलपात ठेवा. मग ती काळी असो की रंगीत, धोका तेवढाच. कायद्याने बंदी नाही. आणि असल्या बंदुका आहेत तरी किती?” ऐकायला हे समंजस वाटतं, म्हणून त्यातलं एकेक वाक्य तपासायला हवं.

“जीव गोळी घेते, रंग नाही.”

गोळी सुटायला यंत्र लागतं आणि चाप ओढणारं बोटही लागतं. सजावटीने यंत्र बदलत नाही हे खरं, पण बोट चापाकडे जाईल की नाही हे ती बदलते. ग्लॉकच्या बाबतीत हे जास्तच गंभीर आहे. या पिस्तुलाला साधारणपणे बाहेरून वेगळा सुरक्षा-खटका नसतो. त्याच्या आतल्या सुरक्षा-यंत्रणा चाप ओढताच आपोआप सुटतात. गोळी भरलेलं पिस्तूल हाती लागलेल्या मुलाला अडवणारी एकच गोष्ट उरते: हे खरं आहे, ही ओळख. सजावट नेमकी तीच पुसून टाकते.

“मुलांना शिकवलं की खरं-खोटं कळतं.”

या वाक्यावर सर्वाधिक लोक विश्वास ठेवतात, आणि सर्वाधिक नुकसान त्यानेच होऊ शकतं. 2001 मध्ये ‘पेडियाट्रिक्स’ या वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध झाला. 8 ते 12 वर्षांच्या 64 मुलग्यांना दोन-तीनच्या गटांत एका खोलीत थोडा वेळ सोडलं होतं. खोलीतल्या ड्रॉवरमध्ये दोन पाण्याच्या पिचकाऱ्या ठेवल्या होत्या आणि एका वेगळ्या ड्रॉवरमध्ये .380 कॅलिबरचं खरं पिस्तूल, अर्थात गोळ्या नसलेलं. एकतर्फी आरशामागून संशोधक पाहत होते. 29 पैकी 21 गटांना ते पिस्तूल सापडलं. 16 गटांनी ते हाताळलं. 10 गटांत कोणीतरी चाप ओढला. ज्यांना ते सापडलं त्यांच्यापैकी जवळजवळ निम्म्या मुलांना ते खेळणं वाटलं किंवा नक्की काय ते सांगता आलं नाही. आणि ज्यांनी ते हाताळलं किंवा चाप ओढला, त्यांच्यापैकी 90 टक्क्यांहून अधिक मुलांना बंदुकीबद्दल काही ना काही शिकवण आधीच मिळालेली होती.

लक्षात घ्या, ते पिस्तूल पिस्तुलासारखंच दिसत होतं. त्यावर ठोकळे नव्हते, कार्टून नव्हतं, खेळण्यातल्या बंदुकीला असतं तसं नारिंगी टोक नव्हतं. तरीही शिकवलेली मुलं चकली. त्यावर खेळण्याचा वेष चढवला तर काय होईल?

शिकवण म्हणजे नेमकं काय, तेही पाहू. अमेरिकेतल्या नॅशनल रायफल असोसिएशनचा, म्हणजे बंदूकधारकांच्याच संघटनेचा, मुलांसाठी ‘एडी ईगल’ नावाचा कार्यक्रम आहे. बंदूक दिसली तर थांब, हात लावू नको, तिथून पळ, मोठ्या माणसाला सांग, असा त्यातला धडा. पण ‘थांब’ म्हणायची वेळ बंदूक ओळखल्यावरच येते. खेळण्यातली बंदूक पाहून थांबायला, पळायला कोणीच मुलांना शिकवत नाही आणि शिकवूही नये. तेव्हा शिकवणीवर भिस्त ठेवणाऱ्यांनी तर या सजावटीला सगळ्यात आधी विरोध करायला हवा.

“हातात घेतल्यावर वजनाने कळेल,” असंही सांगतात. रिकामं ग्लॉक 19 साधारण 600 ग्रॅमचं असतं आणि त्याचा सांगाडा प्लास्टिकचाच. पाण्याने भरलेली मोठी पिचकारी याहून जड असते. शिवाय वजन कळेपर्यंत ते हातात आलेलं असतं.

“कुलपात ठेवली की झालं.”

कुलूप हवंच, त्यावर वाद नाही. पण 2021 च्या एका राष्ट्रीय सर्वेक्षणावरून काढलेल्या अंदाजानुसार अमेरिकेत सुमारे 46 लाख मुलं अशा घरांत राहतात जिथे किमान एक भरलेली बंदूक कुलपाबाहेर असते. प्रत्येकजण कुलूप लावेलच असं धरून केलेला हिशेब या मुलांच्या उपयोगाचा नाही. माझं स्पष्ट मत आहे की ठोकळ्यांनी मढवलेलं पिस्तूल माणूस मिरवायला घेतो, आणि मिरवायची वस्तू कपाटात फार काळ राहत नाही.

“कायद्याने बंदी नाही.”

1988 च्या संघीय कायद्यानुसार खऱ्यासारख्या दिसणाऱ्या खेळण्यातल्या बंदुकीच्या नळीला ठळक नारिंगी टोक असावं लागतं. उलट दिशेने, म्हणजे खरी बंदूक खेळण्यासारखी दिसू नये म्हणून, असा संघीय नियम नाही. ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोग खेळण्यावरच्या रंगातलं शिसं मोजतो, पण खऱ्या बंदुका कायद्यानेच त्याच्या कक्षेबाहेर ठेवल्या आहेत. या पळवाटेला सुरक्षिततेचं प्रमाणपत्र कसं मानायचं?

नारिंगी टोकाची भिस्त एका विश्वासावर आहे: ते दिसलं की समोरच्याने बोट आवरावं. 2014 मध्ये क्लीव्हलंडमध्ये 12 वर्षांच्या मुलाला पोलिसाने गोळी घातली. त्याच्याजवळच्या खोट्या पिस्तुलाचं नारिंगी टोक निघालेलं होतं. पोलीस पोहोचल्यापासून गोळी सुटेपर्यंत दोन सेकंदही गेले नाहीत. खऱ्या बंदुका खेळण्याचा वेष घेऊ लागल्या तर उद्या टोक शाबूत असलेल्या मुलावरही कोणी विश्वास ठेवणार नाही. बंदूक एकाच्या घरात सजते आणि धोक्यात येतं दुसऱ्याचं मूल. म्हणून “माझी वस्तू, मी हवी तशी रंगवीन” हेही मला मान्य नाही.

गुलाबी किंवा निळं पिस्तूल मात्र मी याच पंक्तीत बसवत नाही. रंग निराळा असला तरी आकार बंदुकीचाच राहतो, त्यामुळे ओळख थोडीफार टिकते. सगळ्यात वाईट म्हणजे एखाद्या ठरावीक, मुलांच्या ओळखीच्या खेळण्याची हुबेहूब नक्कल.

“आहेत तरी किती?”

‘ब्लॉक 19’ वीसपेक्षा कमी विकले गेले, असं कंपनीच्या मालकाने सांगितलं होतं. पण मोजणी तिथे संपत नाही, कारण अशी सजावट करायला कंपनी लागत नाही. 2021 मध्येच नॉर्थ कॅरोलायनातल्या कटॉबा काउंटीत अमली पदार्थांच्या छाप्यात पोलिसांना ‘नर्फ’ या फोमच्या गोळ्या उडवणाऱ्या खेळण्यासारखं बनवलेलं ग्लॉक सापडलं, 50 गोळ्यांचं ड्रम मॅगझिन, म्हणजे गोळ्यांचा गोल डबा, लावलेलं. न्यूयॉर्क शहराने तर 2006 मध्येच भडक रंगांच्या खऱ्या बंदुकांवर आणि त्या रंगवायच्या साहित्यावर बंदी घातली. संख्या वाढायची वाट त्या शहराने पाहिली नाही. 1988 च्या कायद्याला उलट बाजूचं एक कलम जोडायला संघीय सरकारनेही ती पाहू नये.