'डिप्रेशनच्या गोळ्या फेका' म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

दादर-माहीमच्या सोसायट्यांचे ग्रुप फिरून तो मेसेज मावशीच्या फोनवर आला आणि "उद्यापासून बंद करू का गं?" असा प्रश्न मला आला, म्हणून हे लिहितेय. मेसेज असा: "डिप्रेशनच्या गोळ्या आजच फेका. सकाळी ५-एचटीपी २०० मिलिग्रॅम, दुपारी सेंट जॉन्स वर्ट, रात्री अश्वगंधा. सगळं नैसर्गिक, साइड इफेक्ट शून्य. एफएसएसएआय मान्यताप्राप्त."

"आजच फेका." एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन, पॅरॉक्सेटिन अशा डिप्रेशनच्या गोळ्या एकदम थांबवल्या की दोन-चार दिवसांत चक्कर, मळमळ, चिडचिड, डोक्यात करंट गेल्यासारखे झटके सुरू होऊ शकतात. डोस हळूहळू उतरवायचा असतो आणि तो लिहून देणाऱ्या डॉक्टरनेच.

पण खरा घोळ पुढे आहे. ५-एचटीपी या सप्लिमेंटचं शरीरात थेट सेरोटोनिन होतं, म्हणजे मूडशी संबंधित मेंदूतलं रसायन. डिप्रेशनच्या या गोळ्या तेच सेरोटोनिन पेशींनी परत ओढून घेऊ नये म्हणून असतात. गोळी कचऱ्यात गेली तरी रक्तातली लगेच जात नाही: एस्सिटालोप्रामला जवळपास आठवडा लागतो, फ्लुऑक्सेटिनचा अंश पाच-पाच आठवडे रेंगाळतो. म्हणजे मेसेज अगदी तंतोतंत पाळला तरी दोन्ही एकत्र येतातच, वर दुपारचं सेंट जॉन्स वर्ट हे झाडपाल्याचं औषधही सेरोटोनिनच वाढवतं. सर्दीसाठी डेक्स्ट्रोमेथॉर्फनवालं कफ सिरप किंवा दुखण्यावर ट्रॅमाडॉल घेतलं तर आणखी भर. सेरोटोनिन असं अति वाढलं की त्याला सेरोटोनिन सिंड्रोम म्हणतात. हात थरथरणं, घाम, जुलाब, धडधड, बेचैनी, पाय आपोआप झटकले जाणं. बहुतेकदा २४ तासांच्या आत. ताप चढला, अंग ताठरलं किंवा बोलणं असंबद्ध झालं तर केईएम असो की जवळचं कुठलंही हॉस्पिटल, सरळ कॅज्युअल्टी गाठायची आणि सगळ्या डब्या सोबत न्यायच्या. ५-एचटीपी आफ्रिकेतल्या एका झाडाच्या बियांतून काढतात, म्हणून ते "नैसर्गिक". धोतराही नैसर्गिकच आहे.

सेंट जॉन्स वर्टबद्दल मात्र अर्धं खरं आहे, नाइलाजाने मान्य करते. २००८ च्या कॉक्रेन आढाव्यात (अनेक चाचण्यांचे निकाल एकत्र तपासणारा अभ्यास) २९ चाचण्या, ५,४८९ रुग्ण होते. प्लासिबोपेक्षा, म्हणजे औषध नसलेल्या नकली गोळीपेक्षा, ते सरस ठरलं, नेहमीच्या औषधांच्या बरोबरीचं आणि त्रासही कमी. त्याच आढाव्यात हेही आहे की जर्मन भाषक देशांतल्या चाचण्यांचे निकाल जास्तच गुलाबी होते. शिवाय हे झाड यकृतातलं औषधं मोडणारं सीवायपी३ए४ एन्झाइम वाढवतं. मग गर्भनिरोधक गोळ्या, रक्त पातळ करणारी वॉरफरिन, किडनी बदललेल्यांची सायक्लोस्पोरिन, एचआयव्हीची काही औषधं, सगळ्यांचं रक्तातलं प्रमाण घसरतं.

अश्वगंधेने ताण थोडा उतरतो, असं छोट्या चाचण्यांत दिसलंय. पण कावीळ झाल्याच्या नोंदी आहेत, आणि थायरॉइडची गोळी चालू असणाऱ्यांनी व गरोदर बायकांनी तिच्या वाटेला जाऊ नये.

एफएसएसएआय म्हणजे अन्नसुरक्षेची सरकारी संस्था; तिचा १४ आकडी नंबर खाद्यपदार्थाच्या लायसन्सचा असतो. आजार बरा करण्याचा दावा अशा डबीला करताच येत नाही.

कोणी आधीच सुरू केलं असेल तर ५-एचटीपी आज बंद, डॉक्टरची गोळी होती तशीच चालू, आणि फोन आजच. डॉक्टर मिळत नसतील तर टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६. गोळ्याच फेकून झाल्या असतील तर नव्या आणून आपल्या मनाने सुरू करू नका, आधी विचारा. वॉरफरिनवाल्यांनी सेंट जॉन्स वर्टही परस्पर सोडू नये: दोनेक आठवड्यांत त्याचा असर ओसरला की रक्त जास्त पातळ होतं, म्हणून त्या काळात आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आकडा) पुन्हा पुन्हा तपासावा लागतो.