पैसे भरलेत ना, मग कर!

आमच्या घरात कुठलीही वस्तू घेण्याची एक ठरलेली रीत आहे. आधी ती फुकट मिळते का ते बघायचं. मिळत असेल तर ‘फुकट का देतायत?’ असा संशय घ्यायचा. मग सगळ्यात महाग कोणती ते बघून हाय खायची आणि शेवटी मधल्या भावाची घेऊन मोकळं व्हायचं. मिक्सर असाच आला, पडदे असेच आले, चिरंजीवांचा गणिताचा क्लासही असाच ठरला. त्यामुळे डॉक्टरांनी माझ्या शुगरच्या आकड्याभोवती पेनने गोल काढला आणि “व्यायाम सुरू करा, घरी व्हिडिओ बघून केलात तरी चालेल” असं सांगितलं, तेव्हा मला तिथेच घाम फुटला. व्यायामाचं एक वेळ जमलं असतं. तो निवडायचा कसा?

जिमचा विषय आधीच निकालात निघाला होता. डोंबिवलीहून रोज सकाळी लोकल गाठणाऱ्या बाईने जिमला जायचं तरी कधी? तरी आपलं चौकशी करून आलो. “मॅडम, वर्षाचं घेतलंत तर तीन महिने फ्री,” काउंटरवरचा मुलगा म्हणाला. बाहेर पडल्यावर नवऱ्याने हिशेब मांडला : वर्षाचे पैसे भरलेले सगळे लोक एकदम आले तर त्या हॉलमध्ये हात वर करायलाही जागा उरणार नाही, म्हणजे हा धंदा न येणाऱ्यांच्या जिवावर चालतो. हे सांगताना तो माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत होता.

मग रीतीप्रमाणे आधी फुकटचं. यूट्यूबवर ‘घरच्या घरी व्यायाम’ असं टाकलं की जे उघडतं त्याला तळ नाही. सात दिवसांत पोट गायब. दहा मिनिटांत दंड. बिछान्यात पडल्या पडल्या वजन कमी (हा मी जपून ठेवला आहे). एका व्हिडिओवर लिहिलं होतं, ‘३० मिनिटांत ५०० कॅलरी’. नवरा बँकेत आहे, कुणीही मोठा आकडा सांगितला की त्याला तारण मागायची सवय. तो म्हणाला, भराभर चालताना शरीर स्वस्थ बसण्याच्या साधारण चौपट खर्च करतं. ७० किलोच्या माणसाचे अर्ध्या तासात १४० कॅलरी. उड्याबिड्या मारून दुप्पट धर, २८०. म्हणजे एक वडापावसुद्धा धड फिटत नाही. “या ५०० कॅलरी नक्की कोणाच्या? म्हशीच्या?”

जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंना ताण, एवढंच सांगते. त्याला पैसे लागत नाहीत. पण जाहिराती लागतात. प्लँक म्हणजे कोपरं जमिनीला, अंग फळीसारखं ताठ, आणि सगळं जग थरथरतंय. नेमक्या त्याच क्षणी समोर टीपॉयला टेकवलेल्या फोनवर चीज वितळत असलेला पिझ्झा येतो. ‘स्किप’चं बटण दाबायला हात मोकळा नाही. हात उचलला तर आपण तोंडावर. मी ते नाकाने दाबायला शिकले. नाक बटणाच्या जरा बाजूला पडलं की सरळ पिझ्झावाल्याच्या पानावर जाता येतं, तेही शिकले.

पण फुकटच्या व्हिडिओचा खरा दोष जाहिराती हा नव्हेच. ते कधीही करता येतात, म्हणून आज करायची गरज नसते. उद्या तो व्हिडिओ कुठे जातोय?

हाच दोष आप्पांच्या, म्हणजे सासऱ्यांच्या, योजनेत होता. आप्पा सातारकडचे. त्यांच्या वडिलांनी औंध संस्थानच्या शाळेत सूर्यनमस्कार घातलेले. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः नेमाने नमस्कार घालत आणि संस्थानातल्या शाळांतून ते सक्तीचे केले होते, हे आम्हाला दर रथसप्तमीला ऐकायला मिळतं. “बारा आसनं, बारा नावं. चटई लागत नाही, वायफाय लागत नाही. आणि तुम्ही ती अमेरिकेतली बाई बघून उठाबशा काढणार!” आप्पांचं सगळं पटतं. अडचण एवढीच, की औंधला राजा होता आणि माझ्या डोक्यावर कोणी नाही.

आता महागाचं टोक. ते आमच्याकडे आधीच येऊन पडलेलं होतं. न्यू जर्सीचे दीर एका सुट्टीत ‘वहिनी, माझं झालं, तुम्ही वापरा’ म्हणून पी-नाइन्टी-एक्स नावाच्या व्यायामाच्या डीव्हीडींचा खोका ठेवून गेले होते. १२ व्यायाम, ९० दिवसांचा कार्यक्रम. (त्यांचं काय झालं ते त्यांच्या शर्टाच्या बटणांवरून समजत नव्हतं.) माळ्यावरून खोका काढला, जुना प्लेअरही काढला, पुसला, लावला. पडद्यावर अक्षरं आली की ही तबकडी या प्रदेशासाठी नाही. अमेरिकेच्या तबकड्यांना एक नंबरचा रीजन कोड, आपल्याकडच्या प्लेअरला पाच नंबरचा. म्हणजे दिरांना व्हिसा मिळाला, व्यायामाला मिळाला नाही. शिवाय खोक्यातला कागद वाचला तर दाराच्या चौकटीत लोंबकळायला दांडा लागतो म्हणे. आमच्या चौकटीला लिंबू-मिरची आणि गेल्या दसऱ्याचं तोरण असतं, आणि चौकट बिल्डरने लावलेली आहे. तिला तेवढाच भार झेपतो.

महाग व्हिडिओ ही काही आजची गोष्ट नाही. हॉलिवूडची नटी जेन फोंडा हिची पहिली व्यायामाची व्हिडिओ कॅसेट १९८२ साली आली तेव्हा तिची किंमत जवळजवळ ६० डॉलर होती, आणि तरी लोकांनी ती घेतली. कित्येकांनी तर ती बघता यावी म्हणून व्हीसीआर घेतला. हे ऐकून आमचे चिरंजीव म्हणाले, “म्हणजे आपल्याला मोठा टीव्ही घ्यायला काहीच हरकत नाही.”

मधला भाव शोधताना अ‍ॅपच्या वाटेला गेलो. एक रुपयात सात दिवस! एक रुपयात आता लिमलेटची गोळी येते. अ‍ॅपने आधी माझी मुलाखत घेतली. पोट कोणत्या आकाराचं आहे (चार चित्रं), झोप कशी लागते, लग्नसमारंभ जवळ आलाय का, तुम्ही यासाठी किती गंभीर आहात. मग ‘तुमच्यासाठी खास आराखडा तयार होत आहे’ म्हणून एक चक्र फिरत राहिलं, शून्यापासून शंभरापर्यंत. पंच्याण्णववर ते थोडं थांबलं सुद्धा, विचार करत असल्यासारखं. शेवटी आराखड्याच्या जागी किंमत आली : वर्षाचे २,९९९, आणि शेजारी उलटं धावणारं घड्याळ, ‘सवलत १५ मिनिटांत संपते’. दुसऱ्या दिवशी उघडलं तर तीच सवलत, तीच १५ मिनिटं, पुन्हा पहिल्यापासून.

त्या एका रुपयाच्या मागे ऑटोपे, म्हणजे पुढचे पैसे आपोआप कापून घ्यायची परवानगी, असतो, हे नवऱ्याला अर्थातच माहीत होतं. “कापायच्या आधी किमान २४ तास कळवावंच लागतं, रिझर्व्ह बँकेचा नियम आहे,” तो म्हणाला. कळवलंही असतं. पण आमच्या फोनवर त्या दोन दिवसांत साडी महोत्सव, कर्ज मंजूर, कर्ज पुन्हा मंजूर, वीजबिल आणि दाताच्या दवाखान्याचं शिबिर एवढे मेसेज येतात, की त्यात आपला शोधणं म्हणजे वेगळाच व्यायाम. तो आठवडाभर फोन छातीशी धरून झोपला. अ‍ॅपमध्ये रद्द करायला गेलं की ‘खरंच जायचंय का?’ विचारणारं रडवेलं चित्र यायचं, आणि ‘नाही, थांबते’ हे बटण हिरवं, ठळक. शेवटी त्याने अ‍ॅपला न विचारता थेट यूपीआयच्या ऑटोपेच्या यादीत जाऊन ती परवानगी काढून टाकली. हे करता येतं, आणि हे ज्ञान आमच्याकडून फुकट घ्या. माझा व्यायाम झाला नव्हता, पण नवऱ्याचे हृदयाचे ठोके आठवडाभर चांगले वाढलेले होते.

सामानाचा खर्च कोणी आधी सांगत नाही. ‘कुठलंही साहित्य नको’ म्हणणारी बाई तिसऱ्या मिनिटाला म्हणते, “आता आपले छोटे डंबेल घ्या.” आपले? मी लिटरच्या दोन बाटल्या भरून घेतल्या, बरोब्बर एक एक किलो. पण बाटलीतलं पाणी हलतं आणि आपला हात एकीकडे, वजन दुसरीकडे. म्हणून तूरडाळीची किलोची पाकिटं घेतली. त्यावर आई, म्हणजे सासूबाई, म्हणाल्या, “अगं, अन्न आहे ते, डोक्यावरून काय फिरवतेस!” चिरंजीवांचं लक्ष सिलिंडरकडे गेलं. त्यात नुसता गॅसच १४.२ किलो, लोखंड वेगळं. तो प्रस्ताव चर्चेविना फेटाळला.

आणि जागा. ट्रेनर म्हणते, “उजवीकडे चार पावलं.” आमच्या हॉलमध्ये दुसरं पाऊल चपलांच्या स्टँडवर पडतं. डावीकडे आप्पांची आरामखुर्ची आणि तीत आप्पा. सहा फुटी मॅट अंथरली की स्वयंपाकघराची वाट बंद होते आणि चहा मागणारा प्रत्येक जण मला ओलांडून जातो. त्यात एकदा टबाटा लावला. वीस सेकंद जीव तोडून, दहा सेकंद थांबून, आठ फेऱ्या, चार मिनिटांत खलास. जपानच्या इझुमी टबाटांनी १९९६ साली हा प्रयोग प्रसिद्ध केला तो खेळाडूंवर, आणि तेही एका जागी उभ्या सायकलवर. ती माणसं शेवटी अगदी गळून जायची. यूट्यूबवर याच नावाचे चाळीस मिनिटांचे व्हिडिओ आहेत. ज्यांना टबाटा चाळीस मिनिटं जमतो त्यांनी पहिल्या चारांत लबाडी केलेली असते, असं माझं स्पष्ट मत आहे. मी मात्र प्रामाणिकपणे उड्या मारल्या, आणि तिसऱ्या फेरीला खालच्या काकू दारात. “अगं, आमचा पंखा हलतोय.” त्या दिवसापासून ‘नो जंपिंग’ ही आमची पहिली अट झाली, किंमत दुसरी.

तोवर नवऱ्याने एक्सेलचा तक्ता केला होता. दर मिनिटाचा खर्च, उड्या आहेत की नाहीत, भाषा, डेटा किती जातो. तक्त्यात फुकटवाले सगळे पहिले आणि दोन-तीन हजारवाले शेवटी. पण तो तक्ता बघताना माझ्या लक्षात आलं, की यात ट्रेनरला काही किंमतच नाही. सगळ्या बाया तेच करतात. हात वर, हात खाली, श्वास सोडा, विसरू नका. मला हवी होती ती सोफ्यावरून उठवणारी टोचणी. ती आमच्या घरात फक्त एकाच गोष्टीत आहे : पैसे भरलेत. अमर्याद थाळीचे पैसे दिले की पोट भरल्यावरही माणूस तिसरी वाटी आमरस घेतो, तसा. मग रक्कम अशी हवी, की चुकवलं तर टोचेल, पण गेली तर घरात अबोला होणार नाही. फुकट टोचत नाही. तीन हजार जिवाला लागतात. महिना ९९ ठेवून बघितले. ते एका रिक्षात जातात, नवऱ्याने खांदे उडवले. ४९९ म्हटल्यावर तो खुर्चीत सरळ बसला. आम्ही हळूहळू खाली आलो आणि १९९ ला त्याच्या कपाळावर एक बारीक आठी पडली. तिथे थांबलो.

१९९ मध्ये मराठीत बोलणारी, उड्या न मारणारी एक बाई मिळाली. संध्याकाळी साडेसहाला. सातला आईंची मालिका असते. आणि सांगायला हरकत नाही, युक्ती लागू पडली. मी लोकलने दमून आले, पाय सुजलेत, सोफ्यावर टेकले, की आतून आवाज येतो, “पैसे भरलेत ना, मग कर!” रोजचे साडेसहा रुपये होतात, हेही तो सांगतो. साडेसहा रुपयांसाठी मी गुडघे वर उचलते.

परवा बेल वाजली. दारात काकू. माझ्या पोटात गोळा आला. आता तर उड्याही नाहीत!

“अगं, काल सुट्टी घेतलीत का?” काकूंनी विचारलं.

“हो, पाहुणे आले होते. का हो?”

“मग सांगायचं तरी! मी साडेसहापासून खिडकीशी उभी. पदर खोचून तयार.”

काकू पहिल्यापासून आमच्या बाईच्या आवाजावर व्यायाम करत होत्या. एकदाही चुकवला नव्हता. गुडघा मोकळा झालाय, जिने चढताना धाप लागत नाही, वजनही दोन किलोंनी उतरलंय. “फक्त तेवढं आवाज थोडा मोठा ठेवत जा बाई. डावा म्हणते का उजवा, तेच खाली नीट कळत नाही.”

आतून नवऱ्याचा आवाज आला, “काकू, त्याचे महिन्याला १९९ असतात हं.”

“असू देत रे,” काकू जिना उतरता उतरता म्हणाल्या, “मी कुठे बघते? मी नुसतं ऐकते.”