रात्री पाय दुखले म्हणजे कॅल्शियम कमी?

‘मूल रात्री पाय दुखतात म्हणून रडलं, की कॅल्शियमचं सिरप सुरू करा’ असा मेसेज पालकांच्या ग्रुपवर फिरतोय. तो सरसकट खरा नाही.

साधारण 3 ते 12 वर्षांच्या मुलांत दिसणारं हे दुखणं बहुतेकदा ‘ग्रोइंग पेन्स’ असतं. दोन्ही पोटऱ्या, मांड्या किंवा गुडघ्यामागची बाजू संध्याकाळी, रात्री दुखते. सकाळी तेच पोर उड्या मारत शाळेत जातं. (नावात ‘ग्रोइंग’ असलं तरी उंची झपाट्याने वाढण्याशी याचा संबंध सिद्ध झालेला नाही.) हलक्या हाताने चोळणं, कोमट शेक, पोटऱ्यांना ताण देणारे व्यायाम एवढं सहसा पुरतं. फारच दुखलं तर वजनानुसार पॅरासिटामॉल. ॲस्पिरिन मुलांना देऊ नका.

ड जीवनसत्त्वाची कमतरता आपल्याकडे खूप आहे, हे मात्र खरं. पण ती डॉक्टरांना ठरवू द्या. 60,000 युनिटची पुडी शेजारणीच्या सांगण्यावरून दर आठवड्याला देणं म्हणजे नसती आफत.

आता मेसेजमध्ये नसलेलं. एकच पाय सतत दुखणं, लंगडणं, सांध्याला सूज, ताप, सकाळी आखडलेले सांधे, वजन घटणं, चेहरा पांढुरका पडणं, यातलं काहीही दिसलं तर सिरप राहू द्या, बालरोगतज्ज्ञांकडे जा. ताप असून पाय टेकवतच नसेल तर त्याच दिवशी. आणि गुडघा दुखतो म्हणणाऱ्या मुलाचा खुब्याचा सांधाही तपासायला सांगा. पर्थेस या मुलांना होणाऱ्या हाडाच्या आजारात बिघाड खुब्यात असतो आणि मूल बोट दाखवतं गुडघ्याकडे.