इमान तेच, मोबदला मात्र माणूस बघून

१९ जूनला इथे कॅनडात, ओंटारियोत 'लॉयलिस्ट डे', म्हणजे राजनिष्ठांचा दिवस असतो. सुट्टी मिळत नाही, त्यामुळे आपल्या मंडळींपैकी फारसं कुणाला माहीत नसतं. काही ठिकाणी १८०१ च्या आधीचा युनियन जॅक चढवतात, जुन्या काळचे झगे आणि लाल डगले घातलेली माणसं जमतात, भाषणं होतात. अमेरिकन क्रांतीत जे इंग्लंडच्या राजाच्या बाजूने राहिले, हरले आणि घरदार सोडून उत्तरेला आले, त्यांची ही आठवण.

मला या दिवसाचा राग नाही. हरलेल्यांचीही कुणीतरी आठवण ठेवावीच. अमेरिकेत या लोकांवर गद्दारीचा शिक्का बसला, पण त्यांतले पुष्कळ जण साधे शेतकरी, सुतार, दुकानदार होते. काहींना शेजाऱ्यांनीच डांबर फासून अंगाला पिसं चिकटवली, अनेकांच्या जमिनी जप्त झाल्या. सुमारे साठ हजार माणसं देश सोडून गेली. त्यांतली निम्मी नोव्हा स्कोशियाकडे आली आणि तिथे इतकी गर्दी झाली की १७८४ मध्ये न्यू ब्रन्सविक हा वेगळा प्रांत काढावा लागला. १७८९ मध्ये गव्हर्नर लॉर्ड डॉर्चेस्टरने त्यांना मानाची खूण दिली. तिच्या जोरावर वंशज आजही नावापुढे 'यू.ई.' (युनिटी ऑफ द एम्पायर, साम्राज्याची एकता) लावतात. (आपल्याकडे रावबहादुरांच्या पणतवंडांनी असं काही सुरू केलं तर काय होईल, विचार करा.)

माझी तक्रार वेगळी आहे. हॅमिल्टनला कोर्टासमोर १९२९ साली बसवलेलं शिल्प बघा. नवरा, बायको, मुलं, सगळी गोरी. राजनिष्ठ म्हटलं की हेच कुटुंब डोळ्यांसमोर आणलं जातं.

मला आठवतो हॅरी वॉशिंग्टन. जॉर्ज वॉशिंग्टनच्या माउंट व्हर्नन मळ्यावरचा गुलाम. १७७५ मध्ये व्हर्जिनियाच्या गव्हर्नर डनमोरने जाहीर केलं, की बंडखोर मालकांचे जे गुलाम आमच्या बाजूने लढतील ते मुक्त. फक्त बंडखोरांचे बरं का, राजनिष्ठ मालकांचे नाहीत! हॅरी पळाला आणि इंग्रजांना मिळाला. सेनापती स्वातंत्र्यासाठी लढतोय आणि त्याचा गुलाम त्याच स्वातंत्र्यासाठी राजाकडे धावतोय. युद्ध संपल्यावर वॉशिंग्टनने पळालेले गुलाम परत मागितले, तेव्हा इंग्रज सेनापती सर गाय कार्लटनने (पुढे हाच लॉर्ड डॉर्चेस्टर झाला) नकार दिला आणि सुमारे तीन हजार जणांची नावं वहीत लिहून त्यांना जहाजांवर चढवलं. त्याचं श्रेय त्याला द्यायलाच हवं.

पुढचं भाषणांत फारसं येत नाही. नोव्हा स्कोशियात बर्चटाउनला या काळ्या राजनिष्ठांच्या वाट्याला खडकाळ जमीन आली, पुष्कळांना तीही नाही. मजुरी गोऱ्यांपेक्षा कमी. जुलै १७८४ मध्ये शेजारच्या शेलबर्नमधल्या गोऱ्या माजी सैनिकांनी त्यांची घरं पाडली. कारण काय, तर हे लोक स्वस्तात काम करतात. पाडणारेही राजनिष्ठच. १७९२ मध्ये जवळजवळ बाराशे जण कंटाळून हॅलिफॅक्सहून आफ्रिकेत सिएरा लिओनला निघून गेले. त्यांत हॅरीही होता. तिथे १८०० साली वसाहत चालवणाऱ्या सिएरा लिओन कंपनीने जमिनीवर लावलेल्या कराविरुद्ध बंड झालं, त्यात हा सापडला आणि हद्दपार झाला.

हा माणूस राजनिष्ठ होता का? मला नाही वाटत. त्याची निष्ठा स्वातंत्र्याशी होती, ते जो देईल त्याच्याकडे तो गेला. भीमा कोरेगावचा स्तंभ माहीत असणाऱ्याला हे फोडून सांगायला नको. ईस्ट इंडिया कंपनीने तो स्वतःच्या पराक्रमासाठी उभारला. १९२७ मध्ये बाबासाहेब तिथे गेले ते कंपनीची आरती ओवाळायला नव्हे, तर त्यावर कोरलेल्या '-नाक' नावांसाठी.

राजनिष्ठांनी गुलामही बरोबर आणले होते, हेही सांगायला हवं. १७९३ मध्ये नायगारापाशी ॲडम व्रूमन नावाच्या अशाच एकाने क्लोई कूली हिला दोरीने बांधून, होडीत घालून नदीपलीकडे विकलं. ती जिवाच्या आकांताने ओरडत होती. त्याच वर्षी इथे गुलामगिरीवर पहिला निर्बंध आला, तोही अर्धामुर्धा.

आणि इथले मूळ रहिवासी मोहॉक? त्यांचा पुढारी थायेंदानेगिया ऊर्फ जोसेफ ब्रँट आणि त्याचे लोक राजासाठी लढले. युद्ध संपवणाऱ्या १७८३ च्या तहात त्यांचं नावसुद्धा नव्हतं, त्यांची जमीन परस्पर अमेरिकेला देऊन टाकली. भरपाई म्हणून ओंटारियोतल्या ग्रँड नदीच्या दोन्ही तीरांवर सहा-सहा मैल, म्हणजे साडेनऊ लाख एकरांच्या आसपास जमीन मिळाली. आज सिक्स नेशन्सकडे (मोहॉक धरून सहा मूळ जमातींचा संघ) त्यातली पाच टक्केही उरलेली नाही. किचनेर-वॉटर्लूत आपले कितीतरी आयटीवाले राहतात, ती घरं याच पट्ट्यात आहेत. नागरिकत्व घेताना राजाशी आणि त्याच्या वारसांशी इमान राखायची शपथ आपणही घेतोच, तेव्हा हा हिशोब 'त्यांचा' म्हणून सोडून देता येत नाही.

दिवस साजरा व्हावा. पण हॅमिल्टनच्या शिल्पाऐवजी यंदा ब्रँटफर्डला मोहॉक चॅपल बघायला जा. १७८५ चं लाकडी चर्च आहे, आवारात ब्रँटची कबर. जाताना मुलांना गाडीतच नदीचे ते सहा-सहा मैल नकाशावर दाखवा.